मधली रिकामी जागा: नायट्रोजनेजच्या पोटात लपलेला अणू

हा भाग ज्यांनी कानात इयरफोन घालून आधीच ऐकलाय, त्यांच्यासाठी ही उजळणी. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखा लिखित भाग. बोलताना झालेले माझे 'म्हणजे... म्हणजे...' काढून टाकलेत, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट एका आकृतीपासून सुरू होते.

2009 साल. मी पुण्यात बायोकेमिस्ट्रीमध्ये एम.एस्सी. करत होते. वर्गात मॅडमनी फळ्यावर एक पिंजरा काढला. एका टोकाला मॉलिब्डेनमचा अणू. मग लोखंडाचे सात अणू. त्यांना जोडणारे गंधकाचे नऊ अणू. आणि या सगळ्याच्या बरोबर मध्ये त्यांनी एक अक्षर लिहिलं: X.

मी हात वर केला. "मॅडम, हा X म्हणजे कोणतं मूलद्रव्य?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे मला नाही असं नव्हे, अजून कुणालाच नक्की माहीत नाही. परीक्षेत कुणी नायट्रोजन लिहून येऊ नका. X च लिहा, मार्क मिळतील."

'कुणालाच माहीत नाही' या उत्तराला मार्क मिळतात, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं!

त्याच पावसाळ्यात मी मराठवाड्यात काकांच्या शेतावर गेले होते. सोयाबीन गुडघ्याला आलं होतं. काकांनी एक झाड मुळासकट उपटलं, मुळावरची मुगाएवढी गाठ नखानं फोडली आणि मला दाखवली. आतून गुलाबी. "गुलाबी असली की समजायचं, पीक आपलं खत आपण करतंय," काका म्हणाले. "पण पोरी, तू शिकतेस ना हे? आत नेमकं होतं तरी काय?"

मी सांगायला गेले आणि दोन वाक्यांनंतर अडखळले. कारण जिथं ते 'नेमकं' होत होतं, तिथं माझ्या वहीत X लिहिला होता.

आजचा भाग त्या X बद्दल आहे. तो सापडायला इतकी वर्षं का लागली, आणि मुळात तो आहे हेच दहा वर्षं कुणाला का दिसलं नाही, त्याची ही गोष्ट.

हवेत आहे, पण पानात नाही

आधी थोडं गणित. हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन आहे. पिकाला नायट्रोजन हवाच असतो. मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं घट्ट धरून बसलेले असतात. ही मिठी सोडवणं महाकठीण. झाड बिचारं नायट्रोजनच्या समुद्रात उभं असतं आणि तरी उपाशी.

माणसानं यावर उपाय काढला तो विसाव्या शतकात. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये प्रयोगशाळेत नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, आणि कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना उभा केला. ओपाऊचा तो कारखाना 1913 मध्ये सुरू झाला. तापमान चारशे-पाचशे अंश, आणि दाब आपल्या हवेच्या दीडशे-दोनशे पट. अलिबागजवळ थळला जो मोठा खत कारखाना आहे, तिथेही अमोनिया करण्याचं मूळ तत्त्व हेच.

आणि हेच काम काकांच्या सोयाबीनच्या मुळावरची गाठ करते. ना भट्टी, ना दाब. चिखलात, पावसात, आपल्या अंगाला सोसेल अशा तापमानात.

गाठीतलं हे काम झाड स्वतः करत नाही, गाठीत राहणारे जिवाणू करतात. 1886 मध्ये हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. नायट्रोजन नसलेल्या निर्जंतुक वाळूत वाटाणा खुरटायचा. त्यात शेतातल्या मातीचा थोडासा अर्क घातला की मुळांवर गाठी यायच्या आणि वाटाणा जोमानं वाढायचा. ओटला मात्र त्या अर्काचा काही उपयोग होत नसे.

पुढे हॉलंडमध्ये बायरिंक यांनी 1901 मध्ये ॲझोटोबॅक्टर शोधला. याला झाडाच्या मुळात घर लागत नाही, तो मातीत मोकळा राहून हवेतला नायट्रोजन पकडतो. आपल्याकडे ज्वारी, गहू, कपाशीच्या बियाण्याला ॲझोटोबॅक्टरचं कल्चर लावतात ना, तोच. 1903 मध्ये जेकब लिपमन यांना अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, व्हाइनलँड नावाच्या गावच्या मातीत त्याचा एक भाऊबंद सापडला. गावावरून त्याचं नाव पडलं ॲझोटोबॅक्टर व्हाइनलँडी. हे नाव लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट याच्याच पोटात घडते.

हवा लागली की मेलं

जिवाणूत हे काम करणाऱ्या एन्झाइमचं नाव नायट्रोजनेज. ते धातूवर चालतं याचा पहिला सुगावा 1930 मध्ये लागला. बोर्टेल्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की मॉलिब्डेनमचा किंचित अंश असेल तरच ॲझोटोबॅक्टर हवेतल्या नायट्रोजनवर नीट वाढतो.

पण एन्झाइम हातात घेऊन बघायचं, तर ते जिवाणूतून जिवंत बाहेर काढायला हवं. इथं घोडं अडलं. जिवाणू फोडला की काम बंद. कधी जमायचं, कधी नाही. शेवटी 1960 मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीतल्या कार्नाहन, मॉर्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोस्ट्रिडियम नावाच्या जिवाणूच्या अर्कात हे काम भरवशानं करून दाखवलं.

अडचण होती ऑक्सिजनची. नायट्रोजनेजमध्ये दोन प्रथिनं असतात. एक इलेक्ट्रॉन आणून देणारं, त्याला आपण 'हमाल' म्हणू. दुसरं मोठं, जिथं नायट्रोजन खरोखर तुटतो, तो 'कारखाना'. हमाल प्रथिन हवेत उघडं ठेवलं तर मिनिटाच्या आत निम्मं निकामी होतं. म्हणून गाठीत झाड एक लाल प्रथिन तयार ठेवतं, ते ऑक्सिजनला धरून ठेवतं, मोकळं फिरू देत नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच हे नातेवाईक. काकांनी दाखवलेला गुलाबी रंग तो हाच. ॲझोटोबॅक्टरला ही सोय नाही. तो इतक्या वेगानं श्वसन करतो की आत येणारा ऑक्सिजन जाळूनच टाकतो.

तर शास्त्रज्ञांना सगळं काम ऑक्सिजन वगळून करावं लागलं. बंद पेट्या, आत आर्गॉनसारखा वायू, बाहेरून आत घातलेले रबरी हातमोजे. एक चूक झाली की आठवड्याची मेहनत पाण्यात.

1977 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात विनोद शाह आणि विन्स्टन ब्रिल यांनी कमाल केली. त्यांनी मोठ्या प्रथिनाच्या पोटातून मॉलिब्डेनम आणि लोखंड असलेला तो छोटासा गाभाच सुटा करून बाहेर काढला. एका उत्परिवर्तित ॲझोटोबॅक्टरमध्ये नायट्रोजनेज अर्धवट बनायचं. त्याच्या अर्कात हा गाभा घातला आणि बंद पडलेलं काम सुरू झालं! म्हणजे खरा कारागीर हाच. त्याला म्हणतात 'फेमो-कोफॅक्टर'. फे म्हणजे लोखंड, मो म्हणजे मॉलिब्डेनम.

आता प्रश्न एकच उरला: हा दिसतो कसा?

पहिलं चित्र

अणू कॅमेऱ्यानं दिसत नाही. त्यासाठी आधी प्रथिनाचे स्फटिक वाढवायचे, म्हणजे लाखो-कोटी रेणू खडीसाखरेसारखे ओळीत बसवायचे. मग त्यावर क्ष-किरण सोडायचे. किरण अणूंभोवतीच्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, पलीकडे हजारो ठिपके उमटतात, आणि त्या ठिपक्यांवरून गणितानं इलेक्ट्रॉनांचा नकाशा काढायचा. जिथं इलेक्ट्रॉन दाट, तिथं अणू.

नकाशा किती बारीक आहे ते मोजतात अँगस्ट्रॉममध्ये. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट.

1992 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये जोंगसुन किम आणि डग्लस रीस यांनी ॲझोटोबॅक्टर व्हाइनलँडीच्या मोठ्या प्रथिनाची रचना जाहीर केली. जवळपास दोन हजार अमिनो आम्लांचं प्रथिन, नकाशा 2.7 अँगस्ट्रॉमचा. आणि त्यात पहिल्यांदा तो पिंजरा दिसला. लोखंड-गंधकाच्या दोन टोपल्या, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या. एका टोकाला मॉलिब्डेनम, त्याला चिकटलेलं होमोसायट्रेट नावाचं सेंद्रिय आम्ल.

तीस-चाळीस वर्षं लोक ज्याचा नुसता अंदाज करत होते, ते समोर होतं. हे चित्र बघता बघता पाठ्यपुस्तकांत गेलं.

पण रसायनशास्त्रज्ञ ते बघून डोकं खाजवू लागले. पिंजऱ्याच्या मधल्या सहा लोखंडांना प्रत्येकी तीनच गंधकांचा शेजार होता. अशा लोखंडाला एरवी चार शेजारी असतात. सहाच्या सहा अणूंची चौथी बाजू उघडी, आणि सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला, मधल्या पोकळीकडे. भर पावसाळ्यात सहा घरांची दारं एकाच चौकात उघडी आणि चौक मात्र रिकामा, असं काहीतरी.

मग तर्क सुरू झाले. नायट्रोजन या पोकळीत येऊन बसत असेल का? पोकळी फार लहान आहे, मग पिंजरा थोडा फुगत असेल का? लोखंडं एकमेकांनाच धरून असतील का? या प्रश्नांवर पुढची दहा वर्षं गेली. चौक खरंच रिकामा आहे का, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. कारण नकाशात तिथं काही नव्हतं.

अंधाराची बेरीज

2002 मध्ये रीस यांच्याच गटानं, ऑलिव्हर आइन्स्ले पहिले लेखक असलेल्या शोधनिबंधात, नवा नकाशा मांडला. या वेळी 1.16 अँगस्ट्रॉम. आणि पिंजऱ्याच्या बरोबर मध्ये एक अणू बसलेला.

तो आला कुठून? कुठूनच नाही. तो आधीपासून तिथंच होता.

मग 1992 मध्ये का दिसला नाही? तुम्ही म्हणाल, चित्र धूसर होतं म्हणून. अर्धं बरोबर. पण धूसर चित्रात अंधूक ठिपका तरी दिसायला हवा होता ना? तिथं तर काहीच नव्हतं. खरी गंमत इथं आहे, आणि ती तुम्ही रोज फोनवर बघता.

व्हॉट्सॲपवर दहा जणांनी फॉरवर्ड केलेला फोटो आठवा. त्यात गडद पार्श्वभूमीवर पांढरी ठळक अक्षरं असतील, तर अक्षरांच्या कडेनं विचित्र लहरी दिसतात. उजेड, अंधार, उजेड, अंधार. मूळ फोटोत त्या नव्हत्या. फाइल लहान करताना बारीक तपशील कापले गेले, म्हणून त्या तयार झाल्या.

क्ष-किरणांच्या नकाशातही हेच होतं. ठरावीक बारकाईपलीकडचे ठिपके हातात नसले की प्रत्येक जड अणूभोवती खोट्या लहरी उमटतात. जिथं काही नाही तिथं उजेड, नाहीतर आहे त्यापेक्षा जास्त अंधार. एरवी या लहरी इकडे-तिकडे विखुरतात, कुणी मनावर घेत नाही.

पण या पिंजऱ्याची रचना फार नेमकी आहे. सहा लोखंड मध्यापासून सारख्याच अंतरावर, साधारण 2 अँगस्ट्रॉम. नऊ गंधकही मध्यापासून जवळपास सारख्या अंतरावर, साधारण 3.3 अँगस्ट्रॉम. त्यामुळे सगळ्यांच्या लहरींतला अंधार एकाच बिंदूवर येऊन पडला. नेमका मध्यावर. तिथल्या हलक्या अणूचा उजेड आणि इतक्या अणूंच्या खोट्या अंधाराची बेरीज झाली आणि उत्तर आलं शून्य.

आइन्स्ले आणि रीस यांनी हे गणित करून दाखवलं. नकाशा साधारण दीड अँगस्ट्रॉमपेक्षा जाडाभरडा असेल, तर हा अणू दिसणारच नाही. म्हणजे 1992 च्या लोकांनी हलगर्जीपणा केला नव्हता. त्यांचे डोळे चांगले होते, हातही चांगले होते. ज्या साधनानं ते बघत होते, तेच त्या एका जागी त्यांना 'इथं काही नाही' असं सांगत होतं.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? जगभर पोचलेलं ते चित्र अपुरं आहे हे त्याच प्रयोगशाळेनं, त्याच माणसानं सांगितलं. आणि ही पहिली वेळ नव्हती. याच प्रथिनात 'पी-क्लस्टर' नावाचा दुसरा लोखंड-गंधकाचा गुच्छ असतो. त्यात आधी आठ गंधक मोजले होते. 1997 मध्ये रीस यांच्याच गटानं सांगितलं, आठ नाही, सात.

मग हा क्ष कोण?

आता माझ्या वहीतल्या X वर येऊ. आपल्या मराठीत एक मजा आहे. एक्स-रेला आपण क्ष-किरण म्हणतो आणि गणितातल्या न सापडलेल्या संख्येलाही क्ष म्हणतो. इथं क्ष-किरणांनी एक अणू शोधून दिला आणि तो क्षच राहिला.

कारण काय? क्ष-किरणांना दिसतात इलेक्ट्रॉन. लोखंडाचे 26, मॉलिब्डेनमचे 42, गंधकाचे 16. त्यांच्यातला फरक उठून दिसतो. पण मधला अणू हलका होता. कार्बन असेल तर 6, नायट्रोजन असेल तर 7, ऑक्सिजन असेल तर 8. एका इलेक्ट्रॉनचा फरक, आणि तोही जड धातूंच्या गराड्यात. 2002 चा नकाशा म्हणत होता की नायट्रोजन असण्याची शक्यता जास्त, पण बाकीचे दोघेही बाद नाहीत.

नायट्रोजन सगळ्यांना पटण्यासारखाही होता. नायट्रोजन पकडणाऱ्या यंत्राच्या मध्यभागी नायट्रोजन! गोष्ट कशी छान जुळते बघा. संगणकावरची बरीच गणितंही तिकडेच झुकत होती. पण 2003 मध्येच वर्णपटांचा अभ्यास करणाऱ्या एका गटानं इशारा दिला होता की नायट्रोजनच्या खुणा आम्हाला सापडत नाहीत. मॅडम आम्हाला 'नायट्रोजन लिहू नका' का म्हणाल्या, ते मला पुढे हे वाचताना कळलं.

निकाल लागला नोव्हेंबर 2011 मध्ये. 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक आइन्स्ले यांच्या गटाचा. ते तोवर जर्मनीत फ्रायबुर्गला स्वतःची प्रयोगशाळा चालवत होते. त्यांनी नकाशा 1.0 अँगस्ट्रॉमपर्यंत नेला. शिवाय जिवाणूंना कार्बन-13 हा जड कार्बन खाऊ घातला आणि त्याची खूण पिंजऱ्याच्या आत पकडली. दुसरा निबंध सेरेना डीबीअर यांच्या गटाचा. त्यांनी वेगळी वाट धरली. लोखंडाला क्ष-किरणांनी चेतवलं की लोखंड स्वतः क्ष-किरण बाहेर टाकतं, आणि त्यांच्या ऊर्जेवरून शेजारी कोण बसलंय ते ओळखता येतं.

दोन वाटा, एक उत्तर. मधला अणू कार्बन आहे.

नायट्रोजन नाही, कार्बन! शाळेत आपण घोकलं की कार्बनचे हात चार. इथं त्याला सहा लोखंडांनी वेढलंय. असं काही जीवसृष्टीत असेल हे तोवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढच्याच वर्षी, 2012 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मार्कस रिब्बे आणि यिलिन हू यांच्या गटानं हा कार्बन येतो कुठून तेही शोधलं. पेशीत एस-ॲडेनोसिल-मिथिओनिन नावाचा नेहमीचाच एक रेणू असतो. त्याच्याकडून एक मिथिल गट घेऊन, त्यातला कार्बन जिवाणू या पिंजऱ्यात बसवतो.

पुन्हा शेतात

2011 च्या डिसेंबरात मी काकांकडे गेले तेव्हा रानात हरभरा होता. या वेळी मीच एक झाड उपटलं आणि गाठ फोडली. सांगितलं, "काका, मागे अडखळले होते ना, ते सापडलं. लोखंडाचा पिंजरा आहे आणि त्याच्या मधोमध कार्बन बसलाय."

काका म्हणाले, "कार्बन म्हणजे कोळसाच की. मग लोहाराचा भाता झाला हा! लोखंड न् कोळसा."

मला हसू आलं, पण काका फार चुकले नव्हते. पोलादातसुद्धा लोखंडाच्या अणूंच्या मधल्या जागेत कार्बनच बसलेला असतो.

"मग आता सगळं कळलं म्हणायचं? युरियाचं पोतं बंद?"

"नाही काका. नायट्रोजन या पिंजऱ्याला नेमका कुठे चिकटतो, ते अजून बाकी आहे."

आणि मंडळी, आजही त्यावर वाद संपलेला नाही. 2014 मध्ये असं दिसलं की कार्बन मोनॉक्साइड आला की पिंजऱ्याच्या कमरेचा एक गंधक बाजूला होतो आणि नंतर परत जागेवर येतो. बहुतेक दार तिथंच कुठेतरी आहे. पण नायट्रोजन त्या दारातून आत कसा येतो, त्याचं सर्वांना मान्य झालेलं चित्र अजून नाही. नायट्रोजनचा एक रेणू तोडायला जिवाणू एटीपीचे निदान सोळा रेणू खर्च करतो. हे कामही फुकटात होत नाही. गव्हाला किंवा ज्वारीला स्वतःचा नायट्रोजन स्वतः पकडायला शिकवायचं स्वप्न जे लोक बघतात, त्यांना हा सगळा हिशोब आधी समजून घ्यावा लागणार आहे.

तोवर काकांसारख्यांच्या हातात आहे ते साधं काम. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम जिवाणू कल्चर, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून, लगेच पेरणी. आणि युरिया जपून, कारण मातीत आयता नायट्रोजन भरपूर मिळाला की झाड गाठी धरायचा कंटाळा करतं.

माझी ती 2009 ची वही अजून माझ्याकडे आहे. पिंजऱ्याच्या मध्ये निळ्या पेननं लिहिलेला X तसाच आहे. शेजारी मी नंतर लाल पेननं 'कार्बन, 2011' असं लिहिलंय. X खोडलेला नाही. ज्या दिवशी तो लिहिला, त्या दिवशी तेच बरोबर उत्तर होतं.

चला, आज इथंच थांबते. पुढच्या वेळी शेतात गेलात, तर सोयाबीनची नाहीतर भुईमुगाची एक गाठ फोडून बघा. गुलाबी निघाली तर आतला पिंजरा कामावर आहे. भेटू पुढच्या भागात.